पहिल्यांदाच काझाला निघालात? स्पितीतले गोम्पा नीट पाहून सुखरूप परत येण्यासाठी

काझा हे हिमाचल प्रदेशाच्या लाहौल-स्पिती जिल्ह्यातलं छोटं गाव. स्पिती नदीच्या डाव्या तीरावर, सुमारे ३,६५० मीटर उंचीवर वसलेलं. स्पिती खोऱ्याचा सगळा कारभार इथून चालतो. बाजार, बँक, दवाखाना, पेट्रोल पंप आणि बस स्थानक जे काही आहे ते इथेच. पन्नासेक किलोमीटरच्या परिसरात ताबो, धनकर, ‘की’, कोमिक आणि कुंग्री इथले गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, आहेत. त्यातला ताबोचा मठ इ. स. ९९६ मधला, आणि आजही तिथे रोज पूजा होते.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांचं गणित बहुतेक वेळा एकाच ठिकाणी चुकतं. सुट्टी आठ दिवसांची असते, मनालीचं बुकिंग सोपं वाटतं, म्हणून मनालीहून थेट काझा गाठतात. पहिले दोन दिवस डोकं धरून खोलीत पडून राहतात, तिसऱ्या दिवशी धावतपळत चार गोम्पा उरकतात आणि परत फिरतात. हे टाळता येतं. त्यासाठी रस्त्याची दिशा आणि मुक्कामांचा क्रम घरूनच ठरवून निघावं लागतं.

१. आधी महिना ठरवा

काझाला दोन रस्ते जातात. शिमल्याहून किन्नौरमार्गे येणारा रस्ता वर्षातला बराच काळ चालू असतो. मनालीहून कुंझुम खिंड ओलांडून येणारा रस्ता साधारण जून ते ऑक्टोबर एवढाच उघडा असतो, आणि त्यातही सुरुवातीच्या आणि शेवटच्या दिवसांचा भरवसा नसतो.

स्पिती पर्जन्यछायेत आहे. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पाऊस फारसा नसतो. पण तिथवर नेणारा किन्नौरचा रस्ता पावसाच्या पट्ट्यात येतो आणि दरडी तिथे कोसळतात. "स्पितीत पाऊस नाही" एवढं वाचून जुलैत निघालेली माणसं रामपूरच्या पुढे अडकतात ती यामुळेच. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा निवडावा. आकाश स्वच्छ असतं, ओढ्यांचं पाणी उतरलेलं असतं, ताबोला सफरचंदं झाडावर असतात. जूनही चालेल, फक्त कुंझुम उघडली आहे का ते विचारून निघा. ऑक्टोबरच्या मध्यानंतर रात्री नळ गोठू लागतात. हिवाळ्याची सहल हा वेगळा विषय आहे, पहिल्या खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नका.

ऑगस्टमध्ये काझात ‘लदारचा’ नावाचा मेळा भरतो. पूर्वी या मेळ्याला लडाख, तिबेट आणि रामपूर-बुशहरचे व्यापारी एकत्र येत. मेळ्यासाठीच जायचं असेल तर खोली खूप आधी सांगून ठेवा.

२. चढायचं किन्नौरकडून, उतरायचं मनालीकडून

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे. तिथून सकाळी निघालात की त्याच दिवशी ४,५५१ मीटरची कुंझुम ओलांडून संध्याकाळी काझात झोपता. एका दिवसात झोपण्याची उंची सोळाशे मीटरनं वाढते. उलट शिमल्याकडून गेलात तर रस्ता पायरी-पायरीनं चढत जातो:

- पहिला मुक्काम: शिमला किंवा नारकंडा (२,२०० ते २,७०० मीटर)
- दुसरा मुक्काम: सांगला किंवा कल्पा (२,७०० ते २,९६० मीटर)
- तिसरा मुक्काम: कल्पा, म्हणजे शक्यतो त्याच उंचीवर आणखी एक रात्र
- चौथा आणि पाचवा मुक्काम: ताबो (सुमारे ३,२८० मीटर)
- सहाव्या रात्रीपासून: काझा (सुमारे ३,६५० मीटर)

अनेक जण कल्पाहून निघून नाकोला थांबतात. गाव सुंदर आहे, तळं आहे, जुना मठ आहे. पण नाको ३,६०० मीटरच्या वर आहे, म्हणजे पुढच्या ताबोपेक्षा उंच. कल्पाहून थेट नाकोला झोपलात तर उडी सहा-सातशे मीटरची होते. म्हणून नाकोला दुपारचं जेवण घ्या, मठ पाहा आणि झोपायला ताबोला उतरा. अंतर साधारण ६५ किलोमीटर आहे. वाटेत मलिंग नाल्याजवळ रस्ता वारंवार खचतो, त्यामुळे अंधार पडायच्या आत तो पार करायचा हिशोब ठेवा.

शिमला ते काझा हे अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास आहे. आपल्याकडे एवढं अंतर एका दिवसात होतं. इथे रिकाँग पिओ (किन्नौर जिल्ह्याचं मुख्य ठिकाण) ते काझा या दोनशे किलोमीटरलाच पूर्ण दिवस लागतो. नकाशावर मोबाइल दाखवतो ती वेळ धरू नका.

एकूण हिशोब चंदीगड ते चंदीगड किमान ११ दिवस, आणि त्यावर दोन दिवस मोकळे. हे दोन दिवस चैनीचे नाहीत. दरड पडली की तेच कामी येतात. परतीचं विमान किंवा रेल्वेचं तिकीट या मोकळ्या दिवसांनंतरचं काढा.

३. कागदपत्रं

भारतीय नागरिकाला किन्नौर-काझा रस्त्यासाठी परवाना लागत नाही. पण चौक्यांवर नोंद होते, त्यामुळे मूळ ओळखपत्र खिशात हवं. मोबाइलमधला फोटो पुरेसा धरू नका, कारण नेमकं तिथे बॅटरी किंवा नेटवर्क नसतं.

- आधार किंवा मतदार ओळखपत्र, मूळ आणि दोन झेरॉक्स
- स्वतःची गाडी असेल तर आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स
- भाड्याची मोटारसायकल असेल तर मालकाशी केलेला करार आणि गाडीच्या कागदांच्या प्रती
- पासपोर्ट आकाराचे चार फोटो
- रोजची औषधं चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी

परदेशी पासपोर्ट असलेल्यांना मात्र किन्नौर ते सुमदो या सीमेलगतच्या पट्ट्यासाठी परवाना काढावा लागतो. अमेरिका-इंग्लंडहून आलेले आपले नातेवाईक इथेच गोंधळतात. ओसीआय कार्ड असलं तरी पासपोर्ट परदेशी असतो, त्यामुळे नियम परदेशी नागरिकाचाच लागू होतो. परवाना शिमला, रिकाँग पिओ किंवा काझा इथल्या सरकारी कार्यालयात मिळतो. किन्नौरकडून चढणाऱ्यांनी तो पिओला काढावा. रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी पिओला पोहोचलात तर एक दिवस वाया जातो, म्हणून वार पाहूनच आखणी करा.

४. पायथ्यापर्यंत पोहोचणं

मुंबई-पुण्याहून चंदीगडला विमान आहे. पुण्याहून झेलम एक्सप्रेसनं अंबाला छावणीला उतरून पुढे बस घेता येते. गोव्याहून मडगाव-चंदीगड गोवा संपर्क क्रांती थेट चंदीगडला पोहोचवते. नागपूरकरांना दिल्ली गाठून पुढची बस धरणं सोयीचं. कालका-शिमला छोटी रेल्वे १९०३ पासून धावते आहे. हाताशी अर्धा दिवस असेल तर तिनेच चढा, शरीरालाही तेवढा वेळ मिळतो.

चंदीगड आणि शिमल्याहून रिकाँग पिओला हिमाचल परिवहनच्या बस आहेत. पिओहून काझाची बस सकाळी लवकर सुटते आणि संध्याकाळी पोहोचते. ती चुकली की दिवस गेला. आदल्या संध्याकाळी स्थानकावर जाऊन वेळ आणि तिकीट खिडकीचा तास विचारून या. ताबोला उतरायचं असेल तर वाहकाला चढतानाच सांगा.

गट दहा-बारा जणांचा असेल तर टेम्पो ट्रॅव्हलर ठरवा, मोठी खासगी बस नको. किन्नौरमध्ये कातळ कोरून काढलेल्या रस्त्यावर वर कपार आणि खाली सतलज अशी स्थिती असते. समोरून ट्रक आला की मागे घ्यावं लागतं. चालक स्पितीला आधी जाऊन आलेला आहे का, हे भाड्यापेक्षा आधी विचारा.

५. उंचीची तयारी

दर शनिवारी-रविवारी गड चढणाऱ्यांना वाटतं, आपल्याला काही होणार नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, आणि काझा तिच्या दुपटीहून उंच. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो, आणि श्वासागणिक मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात कमी. याचा तंदुरुस्तीशी संबंध नाही. पंचविशीतला दणकट ट्रेकर आडवा होतो आणि साठीची आजी व्यवस्थित फिरते, असं सर्रास घडतं. तंदुरुस्त माणूस पहिल्याच दिवशी धावपळ करतो, म्हणून उलट त्यालाच जास्त त्रास होतो.

पाळायच्या गोष्टी:

- तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपायला हरकत नाही.
- ताबो आणि काझा दोन्हीकडे पहिल्या दिवशी फक्त सपाटीवर फिरा. गरम पाण्याची आंघोळही दुसऱ्या दिवशीच करा.
- दारू आणि झोपेची गोळी पूर्ण बंद. दोन्हींमुळे झोपेतला श्वास मंदावतो.
- पाणी थोडं थोडं, वारंवार. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय असं समजा.
- डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळण्याची गोळी, घ्यायची का, हे घरच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. मुंग्या येणं आणि वारंवार लघवीला होणं हे या गोळीचे नेहमीचे परिणाम आहेत, त्यानं घाबरू नका.

हलकं डोकं दुखणं, भूक मरणं, झोप तुटणं हे पहिल्या-दुसऱ्या रात्री बहुतेकांना होतं. अशा वेळी आणखी वर जाऊ नका. आहात तिथेच थांबा. पण चालताना झोक जाणं, बोलण्यात गोंधळ होणं, बसल्या जागी धाप लागणं किंवा खोकल्यातून फेस येणं यांपैकी एकही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. एक साधी चाचणी आहे: सरळ रेषेत, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवत दहा पावलं चालायला लावा. तोल गेला तर लगेच दवाखाना, ऑक्सिजन आणि खाली उतरणं.

खाली म्हणजे कुठे, हे आधीच ठाऊक हवं. घाबरलेली माणसं मनालीकडे निघतात, कारण तिथे मोठी रुग्णालयं आहेत. पण काझाहून मनालीला जायचं तर आधी कुंझुमच्या ४,५५१ मीटरवर चढावं लागतं. आजारी माणसासाठी हाच सर्वात घातक रस्ता. काझाहून उतरायचं ते ताबोकडे आणि पुढे किन्नौरकडे. त्या दिशेनं ताबोपर्यंत उंची कमी होत जाते; पुढे नाकोजवळ रस्ता पुन्हा थोडा चढतो, पण कुंझुमएवढा नाही.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर बाळगायचं असेल तर बाळगा, पण एका आकड्यावर विसंबू नका. गार बोटांवर ते चुकीचं दाखवतं. हात चोळून, गरम करून मग लावा, आणि आकड्यापेक्षा माणसाकडे पाहा.

६. ताबोला दोन रात्री द्या

बहुतेक गाड्या ताबोला वीस मिनिटं थांबतात. बाहेरून पाहिलं तर मातीची बसकी घरं, चुन्याचे पांढरे छोर्तेन (स्तूप) आणि एक भिंत, एवढंच दिसतं. धनकर किंवा कीसारखा डोंगरावरचा देखावा इथे नाही, म्हणून लोक चटकन निघतात. पण सगळ्या खोऱ्यातली सर्वात मोलाची गोष्ट त्या बसक्या मातीच्या आत आहे.

ताबोला हिमालयातलं अजिंठा म्हणतात. अजिंठा पाहिलेल्या माणसाला इथे अर्धी तयारी आपोआप मिळालेली असते: अंधाराला डोळे सरावू द्यायचे, भिंत तुकड्या-तुकड्यानं वाचायची. फरक मोठा आहे. अजिंठ्याची लेणी कातळात कोरलेली, ताबो संपूर्ण मातीचं. अजिंठ्यातलं शेवटचं मोठं काम इसवी सनाच्या पाचव्या शतकातलं, ताबो त्यानंतर पाचशे वर्षांनी उभं राहिलं. पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ यानं ते उभारलं आणि महान अनुवादक रिनचेन झांगपो यांचं नाव या मठाशी जोडलेलं आहे. १०४२ मध्ये जांगचुब-ओ यानं त्याची डागडुजी करवली. चित्रशैलीवर काश्मीरची स्पष्ट छाप आहे.

मुख्य मंदिराला त्सुगलाखांग म्हणतात. आत शिरल्यावर दारातच डोळे मिटून मिनिटभर थांबा. वरच्या झरोक्यातून येतो तेवढाच उजेड. हळूहळू भिंतींवर, डोक्यापेक्षा उंचीवर, मातीच्या मूर्ती दिसू लागतात. त्या जमिनीवर उभ्या नाहीत, भिंतीतून पुढे आलेल्या आहेत, जणू हवेत बसलेल्या. तीसहून अधिक आहेत, आणि मध्यभागी चार दिशांना तोंड असलेला वैरोचन बुद्ध. सगळं सभागृहच एक मंडल, म्हणजे देवतांची ठरावीक क्रमानं केलेली मांडणी, आहे आणि तुम्ही त्याच्या आत उभे आहात, हे कळलं की मूर्ती सुट्या सुट्या दिसत नाहीत. मूर्तींच्या खालच्या पट्ट्यातली चित्रं कथा सांगतात: एका बाजूला सुधन नावाच्या तरुणाची गुरूंच्या शोधातली भ्रमंती, दुसऱ्या बाजूला बुद्धचरित्र. डावीकडून सुरू करून उजवी बाजू आतल्या देवतेकडे ठेवत फिरा, कथा त्याच ओघात उलगडते.

व्यवहाराच्या गोष्टी:

- आत छायाचित्रणाला बंदी आहे. मोबाइल खिशातच ठेवा.
- मंद उजेडाची छोटी विजेरी न्या. मोबाइलचा झगझगीत टॉर्च चित्रावर टेकवून धरू नका. वापरण्याआधी लामाजींना विचारा.
- पाठीवरची पिशवी बाहेर ठेवा. वळताना पिशवीचा कोपरा भिंतीला घासतो आणि हजार वर्षांचा गिलावा निघतो.
- मेणबत्ती किंवा उदबत्ती आत पेटवू नका. धम्मसहलीला जाणारे आपल्याकडचे अनेक गट विहाराच्या सवयीनं त्या सोबत नेतात. काजळी चित्रांवर बसते ती निघत नाही. बाहेर ठरलेल्या जागी दिवा लावता येतो.
- दार बंद असेल तर धक्का देऊ नका. किल्ली लामाजींकडे असते, शेजारच्या नव्या मठात विचारा.

संकुलात नऊ मंदिरं आहेत, सगळी एकाच वेळी उघडी असतीलच असं नाही. म्हणूनच दोन रात्री: पहिल्या संध्याकाळी बाहेरची प्रदक्षिणा, दुसऱ्या दिवशी सकाळी आतलं दर्शन, आणि दुपारी रस्त्यापलीकडच्या डोंगरातल्या गुहा. मठाचं अतिथिगृह आहे. पहाटेच्या पूजेला बसता येतं. सुरू होण्याआधी जा, भिंतीलगत बसा आणि संपेपर्यंत उठू नका.

७. काझात पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी

ताबो ते काझा ४७ किलोमीटर. वाटेत शिचलिंगला उजवीकडे वळून आठेक किलोमीटर चढलं की धनकर लागतं. ही स्पितीची जुनी राजधानी. स्पिती आणि पिन नद्यांच्या संगमावर, झिजत चाललेल्या कड्याच्या टोकावर ३,८९४ मीटर उंचीवर जुना गोम्पा आहे. २००६ मध्ये जगातल्या शंभर धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत त्याचं नाव आलं होतं. आत एका वेळी मोजक्याच माणसांनी जावं. वरचं तळं तासाभराच्या खड्या चढावर आहे, ताबोच्या दोन रात्री झालेल्यांनीच ते करावं.

काझात उतरल्यावर तीन कामं उरका. एक, रोख पैसे. एटीएम आहे, पण त्यात पैसे असतीलच असं नाही आणि गावागावात यूपीआयचा भरवसा नाही. निम्मी रक्कम शिमल्यापासूनच सोबत ठेवा, शंभर-पन्नासच्या नोटांत. दोन, पेट्रोल. काझाचा पंप इंडियन ऑइलचा, ३,७४० मीटरवरचा. इथून मनालीपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर पंप नाही, टाकी पूर्ण भरा. तीन, दवाखाना कुठे आहे ते चालत जाऊन पाहून ठेवा.

फोनसाठी बीएसएनएल, जिओ आणि एअरटेल काझात चालतात. वरच्या गावांत एखादं चालतं, एखादं नाही. घरी आधीच सांगा की दोन-दोन दिवस फोन लागणार नाही.

८. वरची गावं आणि गोम्पा

स्थानिक बस गावकऱ्यांच्या सोयीनं धावतात: सकाळी गावातून काझाला, दुपारनंतर काझाहून गावाला. त्यामुळे बसनं सकाळी ‘की’ पाहून संध्याकाळी परतायचं जमत नाही. बसनंच फिरायचं असेल तर संध्याकाळी किब्बरला जा, रात्री तिथे राहा, सकाळी कीपर्यंत चालत उतरा. ही सर्वात चांगली पद्धत आहे, मात्र काझात दोन रात्री काढल्यावर आणि काही त्रास नसेल तरच, कारण किब्बर सुमारे ४,२७० मीटरवर आहे, म्हणजे ही उडी पाचशे मीटरच्या नियमाहून जास्त आहे. नाहीतर टॅक्सी युनियनकडून दिवसाची गाडी घ्या. दर ठरलेले असतात. एकटे असाल तर आदल्या संध्याकाळी चौकशी करा, वाटून घेणारे सापडतात.

पहिला दिवस: ‘की’, किब्बर, चिचम. कीचा गोम्पा ४,१६६ मीटरवर, स्पितीतला सर्वात मोठा. १९७५ च्या भूकंपात त्याचं बरंच नुकसान झालं होतं. सकाळी पूजेच्या वेळी पोहोचा. पाहुण्यांना चहा विचारला जातो, तो नाकारू नका.

दुसरा दिवस: लांग्झा, हिक्किम, कोमिक. तिन्ही गावं ४,४०० मीटर किंवा त्याहून उंच. कोमिकचा गोम्पा साक्य पंथाचा. हिक्किमच्या पोस्टातून घरी पत्र टाकायचं असेल तर पत्ता पिनकोडसह लिहून न्या. लांग्झाच्या परिसरात समुद्री जीवांचे जीवाश्म सापडतात, आपण शाळिग्राम म्हणतो त्या जातीचे. मुलं विकायला आणतात. उचलू नका, विकतही घेऊ नका.

तिसरा दिवस: पिन खोरं. कुंग्रीचा गोम्पा निंग्मा पंथाचा. ताबो, धनकर आणि ‘की’ गेलुग पंथाचे. एवढ्याशा खोऱ्यात तिबेटी बौद्ध धर्माच्या तीन परंपरा आहेत, मूर्तींचे आणि टोप्यांचे फरक लक्ष देऊन पाहा.

आपल्याकडच्या विहारात शांत, ध्यानस्थ बुद्ध पाहायची सवय असते. इथे दारातच उग्र चेहऱ्याचे, कवट्यांच्या माळा घातलेले रक्षक दिसतात. ते वज्रयानाचे, म्हणजे तिबेटी बौद्ध परंपरेचे, धर्मपाल आहेत. आपल्या मोहांचा आणि भीतीचा नाश करण्यासाठी बोधिसत्त्वानं धारण केलेलं हे उग्र रूप, असं तिथे मानतात. मुलांना "राक्षस" म्हणून दाखवू नका. काही ठिकाणी या रक्षकांच्या वेगळ्या खोलीत सगळ्यांना प्रवेश नसतो. नाही म्हटलं तर वाद घालू नका.

छोर्तेन आणि मणी भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत) नेहमी उजव्या हाताला ठेवून पुढे जा, गाडीत असतानाही चालक तसंच वळवतात. प्रार्थनाचक्र घड्याळाच्या दिशेनं फिरवा. मूर्तीकडे पाय करून बसू नका. भेटल्यावर "जुले" म्हणा, निघतानाही "जुले".

९. घरात राहताना

गावांत हॉटेलपेक्षा घरगुती मुक्काम घ्या. दोन गोष्टी आधी समजून घ्या.

शौचालय कोरडं असतं. वरच्या मजल्यावर मातीच्या जमिनीत एक चौकोनी भोक, शेजारी मातीचा किंवा राखेचा ढीग आणि फावडं. काम झालं की फावडंभर माती लोटायची. पाणी ओतायचं नाही. खाली जमा होतं ते पुढच्या वर्षी वाटाणा आणि सातूच्या शेतात खत म्हणून जातं. त्यात प्लॅस्टिक, ओले टिश्यू किंवा सॅनिटरी पॅड पडला तर घरच्या माणसाला ते हातानं वेचावं लागतं. आपला कचरा पिशवीत बांधून काझापर्यंत परत आणा.

जेवण सांगायचं ते तास-दीड तास आधी. या उंचीवर पाणी ८५ ते ८८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे कुकर असूनही डाळ-भाताला वेळ लागतो. शाकाहारी असाल तर थुकपा (नूडल्सचं सूप) सांगताना रसाही भाज्यांचाच हवा हे स्पष्ट सांगा. लोणी-मिठाचा चहा पहिल्या घोटाला सूपसारखा समजून प्या. घरून नेलेले चिवड्याचे हवाबंद पुडे उंचीवर फुगतात, फुटतातही, टाचणीनं बारीक भोक पाडून रबर लावून ठेवा.

सामानात लोकरी टोपी, थराथराचे कपडे, उन्हाचा चष्मा, सनस्क्रीन, ओठांचं मलम, इलेक्ट्रालसारखी पावडर, स्टीलची बाटली आणि पॉवर बँक असली की पुरे.

१०. परतीचा रस्ता

काझाहून मनालीला निघायचं तर पहाटे निघा. लोसरच्या चौकीवर नोंद होते, मग कुंझुम, बातल, छत्रू, ग्राम्फू आणि पुढे ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा. बातल ते ग्राम्फू हा रस्ता दगडधोंड्यांचा आहे आणि ओढे रस्त्यावरूनच वाहतात. सकाळी पाणी घोट्याएवढं असतं. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर तेच पाणी गुडघ्यापर्यंत येतं. मोटारसायकलवाले तीन वाजता अडकतात ते यामुळे. ओढ्यात शिरण्याआधी एकानं चालत जाऊन तळ पाहावा, पहिल्या गिअरमध्ये, मध्ये न थांबता पार करावं.

चंद्रतालला मुक्काम करायचा असेल तर तो ४,२०० मीटरच्या वर आहे, म्हणूनच सहलीच्या शेवटी ठेवायचा. तंबू तळ्यापासून दूर, ठरलेल्या जागीच असतात. काठावर तंबू लावू देतो असं कुणी सांगितलं तर नकार द्या.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी काझाच्या बस स्थानकावर जाऊन मनालीहून आलेल्या चालकालाच रस्ता कसा आहे ते विचारा. कुंझुमवर बर्फ पडला आहे असं कळलं तर मनालीचा आग्रह सोडा आणि पिओची सकाळची बस धरा. ते राखून ठेवलेले दोन दिवस इथे वापरायचे.